अतिवेगवान रेल्वेचा वेळ घरापासून मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या शहरांना जोडणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा विषय निघाला की पहिला प्रश्न वेगाचा असतो, दुसरा खर्चाचा. प्रवासी घरातून निघून मुक्कामी कधी पोचणार, हे कुणी विचारत नाही. गाडी भरून धावणार की रिकामी, हे तर त्यावरच ठरतं.

माझी सगळी नोकरी वाहतूक सर्वेक्षणात गेली. फलाटावर उभं राहून प्रवाशांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. 'कुठून, कुठे, तिकीट किती' हे पुढच्या पानावर; 'घरून किती वाजता निघालात, स्टेशनपर्यंत कसे आलात' हे मागच्या. गाडी फलाटाला लागली की लोक कागद आमच्या हातात कोंबून धावत. मागचं पान कोरंच राही. मग कार्यालयात त्या रकान्यांत सरसकट अर्धा तास भरला जाई आणि प्रवासीसंख्येचा अंदाज त्यावर बांधला जाई. मला ते तेव्हाही पटत नव्हतं.

हिशेब करून पाहा. 500 किलोमीटर अंतर ताशी सरासरी 250 किलोमीटरने दोन तासांत कापलं जातं. सरासरी 300 वर नेली तर वाचतात वीस मिनिटं. तेवढ्यासाठी वळणं आणखी मोठ्या त्रिज्येची लागतात, म्हणजे बोगदे, पूल, भूसंपादन वाढलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वीजही. आणि जागा स्वस्त म्हणून स्टेशन शहराबाहेर नेलं, तर ती वीस मिनिटं टॅक्सीच्या रांगेतच संपतात.

फ्रान्सने 1981 मध्ये पॅरिस-ल्यों सेवा सुरू केली, तेव्हा शहरांच्या टोकाशी गाड्या जुन्याच रुळांवरून आत आणल्या. हा निर्णय मला वेगाच्या विक्रमापेक्षा मोठा वाटतो. तैवानची अतिवेगवान रेल्वे 2007 मध्ये धावू लागली. ताइनानचं तिचं स्टेशन मूळ शहरापासून दूर, आणि तिथे जोडरेल्वे पोचायला 2011 उजाडलं. प्रवासीही सुरुवातीला अंदाजापेक्षा कमी मिळाले आणि 2009 मध्ये सरकारला कारभार हाती घ्यावा लागला.

माझा अशा रेल्वेला विरोध नाही. 1964 मध्ये टोकियो-ओसाका शिन्कान्सेन आली ती जुना मार्ग गर्दीने तुंबला होता म्हणून; माणसं आधीच तिथे होती. जिथे ती नसतात, तिथे कागदावर आणली जातात. डॅनिश संशोधक फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांचे प्रवासी-अंदाज फुगलेले निघाले, सरासरी 106 टक्क्यांनी!

म्हणून व्यवहार्यता अहवालासोबत मूळ प्रश्नावली आणि तिची कच्ची आकडेवारी जाहीर व्हावी. किती रकाने प्रवाशांनी भरले आणि किती कार्यालयात भरले, हे त्यात वेगळं दाखवावं. आणि हे सगळं मार्ग व स्टेशनच्या जागा ठरण्याआधी लोकांपुढे यावं.

आपला,
एक निवृत्त वाहतूक सर्वेक्षक