बाबांना रांगेतून उचलून आत नेणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. भर दुपारी गच्चीची डागडुजी करता करता कोसळलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तुम्ही कॅज्युअल्टीच्या रांगेतून थेट आत नेलंत, ते माझे बाबा.

आमच्या पुढे चौघंजण होते. पहिला एक तरुण, हाताला गुंडाळलेलं फडकं रक्तानं भिजलेलं. ते रक्त बघून मलाही वाटलं, याचाच नंबर आधी. बाबांना तर नुसता घाम सुटला होता, आणि उष्माघातात अंग कोरडं पडतं एवढंच मी ऐकून होतो. तुम्ही त्या तरुणाला बोटं हलवायला लावलीत, फडकं घट्ट दाबून हात वर धरायला सांगितलंत आणि बाबांसमोर येऊन उभ्या राहिलात. नाव विचारलंत. बाबांनी धाकट्या काकांचं नाव सांगितलं. मग तुम्ही मला विचारलंत, “हे नेहमी असंच बोलतात का?”

सिस्टर, माझे बाबा मोठमोठे हिशेब तोंडी करतात. तासभर ते असंबद्ध बोलत होते आणि मी त्याला थकवा म्हणत होतो. तुमच्या त्या प्रश्नानं माझ्या पोटात गोळा आला.

“केसपेपर नंतर,” एवढंच म्हणालात आणि स्ट्रेचर हलला. कुणाकुणाच्या ओळखी सांगत मोठ्यानं बोलणाऱ्या एका गृहस्थांना जाता जाता तुम्ही शांतपणे बसायला सांगितलंत, तेही लक्षात आहे. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद डॉमिनिक जाँ लारे जखमींचा हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचे, असं मी नंतर वाचलं. वाचताना डोळ्यांसमोर तुम्हीच होता.

काखेतला थर्मामीटर ३८.९ अंश सेल्सिअस दाखवत होता. त्यावर तुम्ही विसंबला नाहीत. गुदद्वारातून मोजलं तेव्हा ४१.२ निघाला. डॉक्टर सलाईनची शीर शोधत होते, तोवर तुम्ही बाबांचे कपडे कापून काढले होते. मानेशी, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या, अंगावर पाण्याचा फवारा आणि समोर दोन पंखे. आई चमच्यानं पाणी पाजायला पुढे झाली, तेव्हा तुम्ही तिचा हात अलगद धरलात. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे तिला चार शब्दांत सांगितलंत. तिच्यावर ओरडला नाहीत. ती अजून हे सांगते.

मी घरी तापाची गोळी दिली होती. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर चढवून ठेवतो, म्हणून गोळी चालते. इथे शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नाहीये, गोळीचा उपयोग नाही, उलट यकृतावर ताण, हे तुम्हीच समजावलंत. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी आहे का, हेही विचारलंत. होती. ती घेणाऱ्या माणसाला उन्हात जास्त जपावं लागतं, हे इतक्या वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं.

ओली चादर धरून मी उभा होतो. माझ्या बोटांची पांढरट टोकं तुम्हाला दिसली. बर्फातल्या एका मोहिमेत बोटं गोठली होती आणि आम्ही ती खसाखसा चोळली होती, असं मी म्हणालो. बाबांच्या दंडावर काटा येतोय का यावरची नजर न काढता तुम्ही बोललात. हिमदंशाला चोळायचं नाही, गोठलेलं मांस चोळण्यानं आणखी फाटतं. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास, बोटं मऊ आणि लालसर होईपर्यंत. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचंच नाही. आणि सगळं अंगच गारठून थरथर थांबली, तर तो माणूस सावरला असं समजायचं नाही, बिघडला असं समजायचं. त्याला काचेसारखं जपून हलवायचं, कारण धक्क्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे सगळं मी आमच्या गटातल्या प्रत्येकाला सांगितलं आहे.

पारा ३९ च्या खाली आला तसे तुम्ही बर्फ काढायला लावलेत. मला वाटत होतं, अजून उतरू दे. पण थंड करणं वेळेत थांबवलं नाही तर तापमान हवं त्याहून खाली घसरतं, म्हणालात. मग लगेच बाहेर गेलात, त्या तरुणाकडे. त्याला टाके पडेपर्यंत तुम्ही दोनदा त्याची बोटं पाहून आला होता.

पुढचे तीन दिवस लघवी गडद तपकिरी होती. स्नायूंना इजा झाली होती, मूत्रपिंडं आणि यकृत यांच्या तपासण्या रोज होत होत्या. चौथ्या दिवशी आकडे उतरणीला लागले. आता बाबा हिंडतात-फिरतात, हिशेबही तोंडीच करतात.

त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. गच्ची नाही, रांग नाही, मीही नाही. एक बाई सारखं नाव विचारत होत्या आणि आपल्याला ते सांगायचं होतं, एवढंच आठवतं. परवा मला म्हणाले, “त्यांना माझं नाव कळवलंस का?”

त्यांचं नाव दत्तात्रय, सिस्टर.

तुमचा ऋणी,
त्यांचा मुलगा