हातचे पाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात पाचवीत आहे. परवा ४८ गुणिले ७ चे उत्तर तिने २८६ लिहिले. ‘सात अठ्ठे छप्पन्न’ आले, सहा मांडले, हातचे पाच मनात धरले. पण ‘सात चोक’ आठवेना म्हणून बोटांवर सात, चौदा, एकवीस मोजत बसली आणि तेवढ्यात हातचे पाच निसटले. रीत तिला पक्की येते, अडले ते पाढ्यापाशी. शाळेच्या पालकसभेत मात्र आम्हाला सांगितले गेले, की आता सगळे मोबाइलमध्ये असते, पाठांतराचे ओझे नको.

मी बावीस वर्षे आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवले, म्हणून हे वाक्य मनाला फार लागले. मोबाइल असो की कॉम्प्युटर, त्याची कामापुरती मेमरी म्हणजे रॅम. तिच्यातला एकेक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विद्युतभारावर तगून असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून कॉम्प्युटरमध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत मेमरीतल्या बिटांची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. सेकंदाला पंधराएक वेळा! अमेरिकन अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना या मेमरीचे पेटंट १९६८ साली मिळाले, तेव्हापासून ही उजळणी कुणाला टाळता आलेली नाही. वर्गात मी तिला परवचाच, म्हणजे रोज संध्याकाळी पाढे म्हणणे, म्हणायचो. ज्यांच्या घरी आजोबा होते, त्या मुलांना लगेच कळायचे.

डोक्याचे गणित थोडे वेगळे, हे खरे. चिपमधला भार गेला की गेला. माणसाचे तसे नाही: विसरलेले पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडले. पण उजळणी नुसती वाचून होत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिले, वाचणाऱ्यांच्या ४२. आमच्या परवच्यात पुस्तक मिटलेलेच असायचे.

निबंध घोकून घेणे मलाही पटत नाही. पाढ्यांची गोष्ट निराळी आहे. ते जिभेवर असले, तरच हातचे पाच धरून ठेवायला डोक्यात जागा उरते.

आमच्याकडे आता दिवेलागणीला दहा मिनिटे पाढे होतात. सतराच्या पाढ्यात ती अडते. मी सांगत नाही, थांबतो. गणिताच्या तासाची पहिली दहा मिनिटे शाळांनी यासाठी द्यावीत, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा