इलेक्ट्रिक पिकअप पाहिजेच, पण घाटाचा आकडा छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मोबाईल उघडला की हल्ली कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या इलेक्ट्रिक मालगाडीची जाहिरात येतीय, आणि तुम्ही पण बघा, त्या जाहिरातीत हौदा एकतर रिकामा असतोय नाहीतर त्यात चार खोकी ठेवलेली असतात. रस्ता सपाट, ड्रायव्हर हसतोय. आम्ही बेळगाव-गोवा भाजीची लाईन मारणारी माणसं, आमच्या हौद्यात कोबी, फ्लॉवर, ढबू, बीन्स, सीझनला रताळी, आणि रस्ता म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. म्हटलं, पुढं जी इलेक्ट्रिक पिकअप येणार ती कशी असावी हे कंपन्यांनी शहरातल्या ऑफिसात बसून ठरवायच्या आधी इकडच्या ड्रायव्हर लोकांचं पण कुणीतरी छापावं.

आधीच सांगतो, आम्ही इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही. भाड्यातला मोठा घास डिझेलच खातंय, आम्ही सीमेवरची माणसं तर ज्या बाजूला दोन पैसे स्वस्त तिथं टाकी भरतो, एवढं ते जिवाला लागलेलं असतंय. वीज स्वस्त पडणार, क्लचप्लेट नाही, ऑईल नाही, गिअर टाकायची कटकट नाही, कोण नको म्हणेल? आमचं भांडण फक्त रेंजच्या, म्हणजे एका चार्जवर गाडी किती किलोमीटर जाते त्या आकड्याशी हाय.

टाटानं २०२२ ला छोट्या हत्तीची इलेक्ट्रिक काढली, २१.३ युनिटची बॅटरी, ६०० किलो माल आणि १५४ किलोमीटर रेंज. २०२४ ला एक टनाची आली, तिची १६१. स्विच कंपनीची आयईव्ही ४ सतराशे किलो उचलते, रेंज १२०. गाड्या वाईट नाहीत, शहरात पाण्याचे जार, दुधाचे क्रेट, किराणा वाटायला एकदम बरोबर. पण हे आकडे टेस्टचे असतात, त्यात चोर्ला घाट नसतोय. मोन्ट्रा कंपनीच्या एव्हिएटर गाडीचं एक मला आवडलं, सर्टिफिकेटवर २४५ किलोमीटर आणि प्रत्यक्ष चालवताना १७०, असे दोन आकडे कंपनीनं स्वतःच सांगितले. मग बाकीच्यांना सांगायला काय होतंय? माझं म्हणणं त्याच्या पण पुढचं हाय, तिसरा आकडा पाहिजे, पासिंगएवढा (आरटीओनं कागदावर दिलाय तेवढा) पूर्ण माल भरून घाट उतरून परत चढून आल्यावर किती. आणि खरं बोलायचं तर मार्केटमधनं पासिंगएवढाच माल भरून निघणारी गाडी दाखवा, व्यापारी म्हणतोय अजून दहा क्रेट टाक की, आणि आपण टाकतोय. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण मागं स्प्रिंगचे जादा पाटे मारून घेतलेल्या गाड्या बघून तरी इंजिनिअर लोकांना कळायला पाहिजे इथं गाडी कशी वापरली जाते ते.

आता गंमत बघा, आमची लाईन इलेक्ट्रिकला खरं तर फायद्याची हाय. माल भरून आम्ही उतरतो आणि बहुतेक वेळा रिकामे क्रेट घेऊन चढतो. डिझेल गाडी भरलेली उतरवताना सेकंडला टाकून, इंजिनवर धरून, मधेमधे ब्रेक मारत न्यावी लागते, खाली गोव्यातल्या केरीच्या बाजूला उतरेपर्यंत ड्रम तापून वास सुटतोय, पावसात धुकं असलं की जीव मुठीत. इलेक्ट्रिकला पाय काढला की मोटारच गाडी धरते आणि उलटी वीज बॅटरीत जाते. पुतण्या डिप्लोमाला हाय, त्यानं कागदावर मांडून दाखवलं, सगळं मिळून तीन टनाची गाडी सातशे मीटर उतरली तर साडेपाच-सहा युनिटचा जोर त्यात असतोय, सगळा नाही पण अर्धा तरी परत मिळाला तर मिळाला. बॅटरी शंभर टक्के फुल असली की ती वीज घेत नाही, पण बेळगावातनं फुल करून निघालं तरी चोर्ल्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर होतात, तेवढ्यात जागा होते. फक्त हे धरणं किती धरायचं ते ड्रायव्हरच्या हातात पाहिजे, स्टिअरिंगजवळ एक साधी दांडी द्या, लोड असला की जास्त, रिकामी असली की कमी. स्क्रीनवर तीन मेनू उघडून सेट करायचं असलं तर वळणावर कोण बघत बसणार?

दुसरी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते, मासळीचं पाणी. येताना रिकामं यायला परवडत नाही म्हणून बरेच जण मासळीचे क्रेट आणतात. बर्फ वितळतोय, खारं पाणी फळ्यांच्या फटीतनं खाली ठिबकत राहतंय, चासीवर, नटावर, वायरिंगच्या कनेक्टरवर. दोन वर्षात हौद्याखालचा पत्रा कुजून हातात येतोय, आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी नेमकी तिथंच बसवलेली! बॅटरीला आयपी ६७ हाय म्हणून सांगतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, ठीक हाय, पण ते साधं पाणी आणि तास-अर्ध्या तासाची गोष्ट, इथं रोजचं मीठ. त्यात आमच्याकडचा पाऊस. निपाणीजवळ यमगर्णीला २०१९ ला आणि २०२१ ला हायवेवर वेदगंगेचं पाणी येऊन वाहतूक थांबली, तेव्हा गाड्या लाईनीत उभ्या होत्या. हौदा खालनं बंद, पाणी बाहेर काढायला एका बाजूला नळी, आणि केबलला चांगलं जाड कव्हर, एवढं करून द्या, वर चार पैसे जास्त घ्या.

वॉरंटीचा हिशेब पण बघा. काही कंपन्या बॅटरीला देतात सात वर्षं किंवा दीड-पावणेदोन लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. गोव्याला जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर धरा, महिन्याला पंचवीस दिवस लाईन धरा, वर्षाला पासष्ट-सत्तर हजार होतात. म्हणजे आमच्यासाठी सात वर्षं नुसती लिहायला, वॉरंटी तिसऱ्या वर्षातच खलास आणि फायनान्सचे हप्ते तर चालूच. बॅटरीचे नुसते एकदोन सेल गेले तर तेवढेच बदलून मिळणार का अख्खी बॅटरी घ्यावी लागणार, हे शोरूममध्ये विचारलं की सेल्समन पोरगं मॅनेजरकडं बघतंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असं कुठलं काम हाय जे होत नाही, कास्टिंगपासून मशिनिंगपर्यंत सगळं, पण त्या पोरांना कंपनीनं ट्रेनिंग आणि पार्ट दिले तर. गाडी उचलून हुबळीला नाहीतर कोल्हापूरला न्यायची म्हणजे आठवड्याचं भाडं बुडालं.

चार्जिंग कुठं पाहिजे ते पण सांगतो. हायवेच्या हॉटेलात कारवाल्यांसाठी लावलेत ते राहू देत, आम्हाला पाहिजे जिथं आम्ही तसंही थांबतोच तिथं. बेळगावात एपीएमसी यार्डात, कारण संध्याकाळी लोडिंगला नंबर लावून बसावंच लागतंय, आणि खाली म्हापसा, मडगाव मार्केटला, माल उतरवून पट्टी (विक्रीचा हिशेब) मिळेपर्यंत गाडी उभीच असते. एका चार्जवर जाऊन परत येणं जमत नाही हे मान्य, पण खाली दोन तास मिळाले तर रिकामी गाडी आरामात घाट चढेल. आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, आधी त्यात पैसे भरा, मग ओटीपी, कणकुंबीकडं तर कॉल लागताना मुश्किल. डिझेल पंपासारखं करा बाबांनो, पैसे द्या आणि भरा.

अमेरिकेत फोर्डनं २०२२ ला एफ-१५० लाइटनिंग म्हणून मोठी इलेक्ट्रिक पिकअप काढली, मागं जड ट्रेलर जोडला की रेंज निम्म्यावर यायची, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं ती बंद करत असल्याचं सांगून टाकलं. आता २०२७ ला तीस हजार डॉलरच्या आसपासची मध्यम पिकअप आणणार म्हणतात. म्हणजे लोडचा प्रश्न तिथल्या ड्रायव्हरला पण हायच की. पण त्या लाइटनिंगमधली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी, हौद्यातच प्लग, गाडीच्या बॅटरीवर ग्राइंडर, कटर काय पण चालवा. आमच्याकडं लाईट गेली की मार्केटात वजनकाटा आणि दोन बल्ब चालले तरी पुष्कळ, आणि लग्नसराईत साउंडवाले तर आधीच बुकिंग करून ठेवतील.

सरकारचं पण थोडं. इलेक्ट्रिक मालगाडीला परमिट लागत नाही हे २०१८ लाच केलं, चांगलं केलं, तीन राज्यांच्या नाक्यांवर थांबणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. पण इलेक्ट्रिक गाड्यांसाठी केंद्रानं पीएम ई-ड्राइव्ह ही १०,९०० कोटींची योजना आणली त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, ॲम्ब्युलन्स आणि साडेतीन टनाच्या वरचे ट्रक घेतले. मधली आमची चारचाकी पिकअप कुठं गेली? सगळ्यात जास्त पळते ती तीच. आपल्या खासदार साहेबांनी दिल्लीत एवढं एक विचारलं तरी बरं होईल.

आणि कंपनीवाल्यांना आपल्या पेपरातनं एक आमंत्रण. डेमोची गाडी शोरूमच्या दारातनं रिंगरोडला एक चक्कर मारायला देऊ नका. संध्याकाळी यार्डात आणून लावा, माल आम्ही भरतो, पासिंगएवढाच भरतो, ड्रायव्हर पण तुमचाच असू दे. सकाळी म्हापशात उतरवून दुपारी चोर्ला चढून परत यार्डात आणून दाखवा, मीटरवर जो आकडा उरेल तो जाहिरातीत छापा. बुकिंगचे पैसे तिथंच देतो.

आपला,
एक पिकअपवाला
उचगाव, ता. बेळगाव