जपान सहलीत भेटलेल्या अनोळखी माणसांचे आभार

आमच्या गटाची जपान सहल सुखरूप पार पडली, त्यामागे काही अशी माणसं आहेत ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. त्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी क्योटो स्टेशनवरच्या त्या दादांचे. सासूबाईंची व्हीलचेअर दिसताच त्यांनी स्वतःहून घडीचा रॅम्प आणला, फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवर टाकला, त्यांना आत नेलं आणि लगेच पुढे फोन लावला. नाराला दार उघडलं, तर नेमक्या त्याच दारासमोर दुसरे कर्मचारी रॅम्प धरून उभे! आपल्याकडेही हे व्हायला हवं, फार वाटलं.

नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या स्वयंसेवक आजोबांनी तर आम्हाला आपलाच इतिहास सांगितला. इथल्या महाकाय बुद्धमूर्तीचं नेत्रोन्मीलन, म्हणजे डोळे रेखण्याचा विधी, ७५२ साली भारतातून आलेल्या बोधिसेन या भिक्षूंनी केलं. डोळे रेखायच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. ऐकताना अंगावर काटा आला.

उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, दुकानातल्या आजींचे उपकार शाकाहारी मंडळी विसरणार नाहीत. तिथल्या रश्शात बहुधा सुकवलेला मासा असतोच. आजींनी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम हातात घेऊन दाखवले आणि आमच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. टोकियोतल्या अकिहाबारात मुलांना गेम शिकवणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही धन्यवाद.

आमच्या गाइडताईंनी हे जपानीत करून त्यांच्यापर्यंत पोचवायचं कबूल केलंय. ताई, तुमचेही खूप आभार.