सूची करणारा लष्करी सर्जन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर वर्षी १२ ऑगस्टला, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिनानिमित्त आपण ग्रंथालयांवर आवर्जून लेख छापता. त्यांत इमारती असतात, पुस्तकांची संख्या असते, वाचक असतात. सूची करणारा माणूस मात्र कुठेच नसतो. म्हणून जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याविषयी हे पत्र.

१८६० साली अमेरिकेत ओहायोच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या बिलिंग्ज यांनी प्रबंधासाठी अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) शस्त्रक्रिया हा विषय घेतला. आधी कोणी अशा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, एवढेच त्यांना हवे होते. सहा महिने ग्रंथालये धुंडाळली, पत्रे पाठवली, तरी माहिती पुरी झाली नाही. सगळे वैद्यकीय वाङ्मय एका ठिकाणी असलेले एकही ग्रंथालय देशात नव्हते आणि सूचींवर भरवसा ठेवावा अशी स्थिती नव्हती. ही सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

लगेच यादवी युद्ध पेटले. बिलिंग्ज लष्करात सर्जन झाले, १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईतल्या जखमींवर त्यांनी उपचार केले. युद्ध संपत आले तेव्हा त्यांची नेमणूक वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय विभागाच्या प्रमुखाच्या, कार्यालयात झाली, आणि तिथले जेमतेम दोन हजार पुस्तकांचे ग्रंथालय त्यांच्या हाती आले. लष्करी रुग्णालयांच्या निधीत उरलेला पैसा त्यांनी पुस्तकांकडे वळवला. देशोदेशींच्या डॉक्टरांना पत्रे लिहून जुनी नियतकालिके मागवली. लिंकन यांच्यावर जिथे गोळी झाडली गेली, त्या फोर्ड थिएटरच्या वास्तूत हे ग्रंथालय कित्येक वर्षे होते. १८९५ मध्ये लेफ्टनंट कर्नल बिलिंग्ज निवृत्त झाले तेव्हा पुस्तके लाखावर गेली होती.

पण खरे काम सूचीचे. नियतकालिकांचे गठ्ठे ते घरी नेत आणि नोंदवायच्या लेखांवर रात्री पेन्सिलीने खुणा करत. कारकून त्या नोंदी कार्डांवर उतरवत. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साथीने १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' हे नव्या वैद्यकीय लेखांची सूची देणारे मासिक सुरू झाले. १८८० ते १८९५ या काळात ग्रंथालयाच्या विषयवार सूचीचे १६ खंड निघाले. पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक म्हणूनही त्यांनी मोठे काम केले. तिची आजची मुख्य इमारत १९११ मध्ये खुली झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. प्रबंधाच्या दिवसांत एम.डी.ची मुले 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड टेबलावर पसरून चिठ्ठ्यांवर संदर्भ टिपून घेत. २००४ नंतर तो छापील निघेनासा झाला. आज आपले डॉक्टर मोबाईलवर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत दोन शब्द टाकून जे क्षणात मिळवतात, तो याच परंपरेतला वारसा आहे. बिलिंग्ज यांचे ते ग्रंथालयच आज नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन म्हणून पबमेड चालवते. मी निवृत्त झाल्यावर आमच्याकडचे खंड रद्दीत गेल्याचे कळले. घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. जागा हवी होती हे मान्य, पण निदान एक संच तरी ठेवायला हवा होता.

आपल्याकडेही शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली. आज मराठी संशोधक तिच्याशिवाय पाऊल टाकू शकत नाही. वर्तमानपत्रांचे काय? १९७२ च्या दुष्काळावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी जुन्या अंकांच्या बांधीव फायली पानापानाने उलटताना पाहिले आहे. कागद इतका ठिसूळ झालेला, की पान उलटताना कोपरा हातात येई. अंक स्कॅन होतीलही, पण कोणत्या पानावर कशाविषयी काय आहे हे कोणीतरी वाचून नोंदवल्याशिवाय ते हवे तेव्हा सापडणार नाहीत.

आपल्या जुन्या अंकांची विषयवार सूची करायचे आपण मनावर घ्यावे, ही विनंती. सुरुवात एका वर्षापासून केली तरी चालेल. आठवड्यातले दोन दिवस मी विनामोबदला येऊन नोंदी करीन.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर