हो, नाही आणि ‘वाद आहे’

प्रिय मित्रा,

‘माणूस ओळखा’ हा काय मोठ्यांचा खेळ आहे का, असं विचारलंस ना? आता ऐकच.

एकाने इतिहासातलं एक नाव मनात धरायचं आणि बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर वीस प्रश्नांत ते काढायचं. उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रत्येक प्रश्नागणिक उरलेली नावं निम्मी होत गेली, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त नावं चाळून होतात. पण धीर कुणाला असतो? चौथ्याच प्रश्नाला कुणीतरी ‘नेपोलियन का रे?’ म्हणून मोकळा होतो. ‘१८०० च्या आधी वारला का?’ असलं रटाळ विचारणाराच बहुतेक वेळा जिंकतो. गूगल अर्थातच बंद. तरी एखाद्याची नजर खाली जाते, कीबोर्ड टकटकतो आणि लगेच त्याला फारच नेमका प्रश्न सुचतो!

पण खरा कस लागतो तो उत्तर देणाऱ्याचा. परवा मी मलिक अंबर धरला होता. ‘राजा होता का?’ मी म्हटलं, नाही. झालं, सगळे सेनापती, संत, शास्त्रज्ञ धुंडाळत बसले. नाव फुटल्यावर जो गोंधळ झाला म्हणतोस! इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा सगळा कारभार हाकत होता, गादीवर कोण बसणार तेही तोच ठरवायचा, आणि तू सरळ ‘नाही’ म्हणतोस? मी म्हटलं, गादीवर तो स्वतः कधी बसला का? त्याने जहांगीरला इतकं सतावलं, की बादशहाने त्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्र काढून घेतलं. मुंडकं हाती लागलं ते चित्रातच. अंबर १६२६ पर्यंत जगला.

क्लिओपात्राचंही तेच. ‘इजिप्शियन होती का?’ जन्म इजिप्तमधला, राज्य इजिप्तवर, पण घराणं अलेक्झांडरच्या मॅसेडोनियन सेनापतीचं. ज्युलियस सीझर सम्राट होता का, यावर तर एक अख्खी रात्र गेली. नव्हता, पहिला सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून.

म्हणून आता तिसरं उत्तर ठेवलंय: ‘वाद आहे’. आणि गंमत म्हणजे तेच सगळ्यात जास्त माहिती देतं. राजेपणाबद्दलच वाद आहे म्हटल्यावर शोध आपोआप पेशवे, वजीर आणि राजमातांकडे वळतो. एक महाभाग मात्र बुद्धाच्या जन्मसालापासून नेपोलियनच्या उंचीपर्यंत सगळ्यालाच ‘वाद आहे’ म्हणतो, म्हणून त्याला डावात दोनदाच सवलत.

शनिवारी रात्री येच. लिंक पाठवतो. पहिली पाळी तुझी. नाव असं घे, की ज्याच्याबद्दल वीस प्रश्न तुला स्वतःला झेपतील. आणि नेपोलियन नको, तो विचारून झालेला असतो.

तुझाच,
जुना भांडखोर