भानुमती शिकवणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

पत्र उघडच लिहिते आहे. देवळाच्या उत्सवात ‘कुलवधू’ नाटक झाले, त्या रात्री मंडळाने तुमचे नाव पुकारले. पण तुम्ही पेटी झाकून कधीच घराकडे निघाला होता. बाकी सगळ्यांचे शाल-श्रीफळ झाले. तुमचे आभार तेवढे राहिले, आणि ते चारचौघांसमोरच मानायला हवेत.

मी गाते म्हणून नायिकेची, भानुमतीची, भूमिका माझ्याकडे आली. तालमीच्या पहिल्या संध्याकाळी मात्र तुम्ही पेटीला हातच लावला नाही. पहिली भानुमती रंगवणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे कोण, ते सांगत बसलात. नाव मला माहीत होते, रेकॉर्डही ऐकली होती. पण १९१४ साली गोव्यातल्या आपल्या बांदिवड्यात जन्मलेली दुर्गा केळेकर, म्हणजेच ज्योत्स्नाबाई, मुंबईला थोरल्या बहिणीकडे जाते, गाणे शिकते आणि १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात उभी राहते, हे मला कुणी असे समोर बसवून सांगितले नव्हते. नाट्यमन्वंतर संस्थेचे ते नाटक. संगीत त्यांचे यजमान केशवराव भोळ्यांचे. गाणी मोजकी, प्रसंगातूनच येणारी. बोलणे घरात बोलतात तसे. बाईची भूमिका बाईनेच करायची. आज यात कुणाला काही नवल वाटणार नाही. पण बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी लोकांना वेड लावले होते, एकेका पदाला वन्समोअर घेत नाटक पहाटेपर्यंत चाले, त्या काळात फोंडा तालुक्यातली एक मुलगी साध्या आवाजात बोलायला उभी राहिली. हे धैर्य मला त्यांच्या गळ्याइतकेच मोठे वाटते.

पुढे १९३४ मध्ये ‘संत सखू’ हा चित्रपट, आणि १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनचे ‘कुलवधू’. भानुमती सिनेमात काम करते आणि तिचे नाव होणे नवऱ्याला सोसत नाही. ज्योत्स्नाबाई स्वतः पडद्यावर काम करून आलेल्या. त्यांना ही बाई परकी वाटली नसेल, असे तुम्ही म्हणालात. मलाही तसेच वाटते. त्या दिवसापासून मी भूमिकेकडे गाण्यांच्या मधली जागा म्हणून पाहणे सोडले.

मग ‘बोला अमृत बोला’. मास्टर कृष्णरावांची चाल, भैरवी. ताना मी घेऊ शकत होते, तुम्ही घेऊ दिल्या नाहीत. “आदीं उतर, मागीर सूर,” आधी शब्द, मग सूर, एवढेच कोकणीत म्हणायचात. कितीतरी संध्याकाळी ते पद माझ्याकडून नुसते बोलून घेतलेत. समोर कोण आहे, त्याच्याकडे बघून बोल. श्वास ओळीच्या अर्थावर तोड. मग हळूच षड्ज धरलात आणि बोलण्यातूनच चाल वर आली. प्रयोगाच्या रात्री त्या पदाला टाळ्या पडल्याच, पण मला जास्त आनंद झाला तो शेवटच्या प्रवेशात. भानुमती घर सोडून निघते तेव्हा मांडवातल्या बायका अगदी चिडीचूप होत्या. तिथे ना पद होते ना पेटी. तो प्रवेश तुम्ही पहिल्या संध्याकाळीच शिकवला होता.

मानधन तर सोडाच, बसचे भाडेसुद्धा तुम्ही घेतले नाहीत. फोंड्याची शेवटची बस चुकू नये म्हणून घड्याळ बघत बघत शिकवायचात, आणि तरी एक अंतरा राहिला की थांबायचात. दोनदा तर तुम्हाला चालत जावे लागले. काकींनी ते सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले.

तुमची पदांची वही अजून माझ्याकडे आहे. मार्जिनमध्ये पेन्सिलीने श्वासाच्या जागा मांडल्या आहेत, त्या कुठल्याही छापील पुस्तकात नाहीत. तिची झेरॉक्स काढून वाड्यावरच्या गाणाऱ्या मुलींना द्यायची इच्छा आहे. तुमची परवानगी असेल तर रविवारी वही घेऊन येते. मुलींनाही सोबत आणीन. ज्योत्स्नाबाईंची गोष्ट त्यांना तुमच्याच तोंडून ऐकू दे.

तुमची शिष्या